सिडनी रिंगर

सिडनी रिंगर (१८३५, नॉर्विच, इंग्लंड – १४ ऑक्टोबर १९१०, लास्टिंगहॅम, यॉर्कशायर) हे ब्रिटिश वैद्यकतज्ज्ञ, औषधशास्त्रज्ञ आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. हृदयाच्या आकुंचनासाठी कॅल्शियम अत्यावश्यक असते, हे त्यांनी १८८२-८३ मध्ये बेडकाच्या हृदयावर केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिले. शरीराबाहेर काढलेले अवयव व ऊती जिवंत ठेवण्यासाठी त्यांनी सिद्ध केलेले क्षारांचे द्रावण रिंगर द्रावण या नावाने ओळखले जाते. रुग्णालयांत शिरेवाटे दिले जाणारे रिंगर लॅक्टेट हे त्याचेच सुधारित रूप होय. कॅल्शियम न मिळाल्यास हृदय ढिले पडून थांबते आणि ते अति झाल्यास आखडून थांबते, अशी दोन्ही टोके रिंगर यांच्या नोंदींत आढळतात. हृदयपेशींना होणारी इजा आणि त्या इजेपासून त्यांचे संरक्षण, या विषयावरील विसाव्या शतकातील संशोधनाची मुळे या नोंदींपर्यंत जातात.

बालपण आणि शिक्षण

रिंगर यांचा जन्म इंग्लंडच्या पूर्व भागातील नॉर्विच या गावी एका व्यापारी कुटुंबात झाला. कुटुंब चर्च ऑफ इंग्लंडपासून फटकून असलेल्या प्रॉटेस्टंट पंथाचे होते. सिडनी लहान असतानाच वडिलांचे निधन झाले. त्यांच्या भावांनी व्यापारासाठी अतिपूर्वेची वाट धरली. त्यांपैकी धाकटे बंधू फ्रेडरिक हे जपानमधील नागासाकी बंदरात मोठे व्यापारी म्हणून प्रसिद्धीस आले. त्यांचे घर आजही तेथे जतन केलेले आहे आणि जपानमधील एका लोकप्रिय उपाहारगृह-साखळीचे नाव त्यांच्याच आडनावावरून पडले आहे. जपानी माणसाला रिंगर हे नाव परिचित असते ते बहुधा या भावामुळे, वैद्यकामुळे नव्हे.

नॉर्विचमधील एका डॉक्टरकडे काही काळ उमेदवारी केल्यानंतर १८५४ मध्ये सिडनी यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्रवेश घेतला. ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांच्या वाटेत त्या काळी धर्मपंथाची अट आडवी येत असे. युनिव्हर्सिटी कॉलेजात ती नव्हती, त्यामुळे रिंगर यांच्यासारख्या कुटुंबांतील अनेक मुले तेथे शिकत. १८६० मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी आणि १८६३ मध्ये एम.डी. ही पदवी मिळवली. पुढील जवळजवळ सर्व आयुष्य त्यांनी याच महाविद्यालयात व त्याला जोडलेल्या रुग्णालयात घालवले.

वैद्यकीय कारकीर्द

शिक्षण संपताच रिंगर युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयात निवासी डॉक्टर झाले. १८६३ मध्ये त्यांची साहाय्यक चिकित्सक म्हणून नेमणूक झाली आणि काही वर्षांतच ते तेथे पूर्ण चिकित्सक झाले. काही काळ त्यांनी लंडनमधील ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील मुलांच्या रुग्णालयातही काम केले. महाविद्यालयात ते प्रथम औषधद्रव्यशास्त्राचे, १८७८ पासून वैद्यकशास्त्राचे आणि १८८७ ते १९०० या काळात चिकित्साविषयक वैद्यकाचे प्राध्यापक होते. १८७० मध्ये ते रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे आणि १८८५ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

त्यांच्या हयातीत त्यांची ख्याती होती ती मुख्यतः एका पाठ्यपुस्तकामुळे. हँडबुक ऑफ थेरप्युटिक्स हा औषधोपचारावरील ग्रंथ १८६९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १८९७ पर्यंत त्याच्या १३ आवृत्त्या निघाल्या. औषधांचे मूळ, रंग, वास आणि तयार करण्याची रीत यांची जंत्री देण्याकडे त्या काळच्या अशा ग्रंथांचा कल असे. रिंगर यांनी ती बाजू आखडती घेऊन औषध शरीरात काय करते आणि रुग्णाला ते कधी द्यावे याकडे लक्ष वळवले. इंग्लंड व अमेरिकेतील डॉक्टरांच्या एका पिढीने हे पुस्तक हाताशी ठेवले होते. त्याआधी १८६५ मध्ये क्षयरोगाच्या निदानात शरीराच्या तापमानाचा उपयोग कसा होतो यावर त्यांनी एक छोटा ग्रंथ लिहिला होता. खिशात मावेल असा आखूड तापमापक तेव्हा अजून डॉक्टरांच्या हाती आलेला नव्हता, हे लक्षात घेतले तर या कामातील चिकाटीची कल्पना येते.

सकाळी रुग्णालयातील फेरी, मग प्रयोगशाळा, नंतर खासगी रुग्ण आणि पुन्हा प्रयोगशाळा, असा त्यांचा दिनक्रम असे. ते पूर्णवेळ शरीरक्रियाशास्त्रज्ञ कधीच नव्हते. शरीरक्रियाशास्त्र विभागातील एक जागा आणि एक मदतनीस एवढ्यावर, रुग्णसेवेतून उरलेल्या वेळात त्यांनी संशोधन केले.

सोडियम नायट्राइट प्रकरण

रिंगर यांच्या चरित्रातील एक बाजू त्यांच्या गौरवपर लेखांत बहुधा गाळली जाते. त्यांचे सहकारी विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये छातीत कळ येणाऱ्या रुग्णांना नायट्रोग्लिसरिनचा उपयोग होतो असे दाखवले होते. त्याच गटातील सोडियम नायट्राइट या द्रव्याची परीक्षा करताना मरेल व रिंगर यांनी १८ प्रौढ व्यक्तींना प्रत्येकी १० ग्रेन, म्हणजे सुमारे ६५० मिलिग्रॅम, एवढी मात्रा दिली. डोके ठणकणे, धडधड, घेरी, मळमळ, ओठ निळसर पडणे असे त्रास होऊन १८ पैकी १७ जणांनी हे औषध सोसत नसल्याचे सांगितले. हे निष्कर्ष १८८३ च्या अखेरीस लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध होताच मोठा गदारोळ झाला. रुग्णालयात उपचारासाठी आलेल्या गरीब माणसांना प्रयोगाचे साधन बनवले गेले, अशी टीका वृत्तपत्रांनी, प्राण्यांवरील प्रयोगांच्या विरोधकांनी आणि काही वैद्यकीय नियतकालिकांनीही केली.

आजच्या निकषांनी ही टीका रास्त होती. प्रयोगापूर्वी रुग्णाची माहितीपूर्ण संमती घेण्याची पद्धत त्या काळी रुळलेली नव्हती आणि त्यासाठी कायदाही नव्हता. प्राण्यांसाठी मात्र १८७६ मध्येच कायदा झाला होता आणि जिवंत प्राण्यांवर प्रयोग करण्यासाठी परवाना लागत असे. हृदयावरील आपल्या सर्वांत महत्त्वाच्या लेखात रिंगर यांनी स्वतःची चूक जाहीरपणे दुरुस्त केली तेही १८८३ हेच वर्ष. एका माणसाच्या या दोन बाजू एकाच वर्षातील आहेत.

बेडकाच्या हृदयावरील प्रयोग

बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढले तरी योग्य द्रव मिळाल्यास तासन्‌तास स्पंदन पावत राहते. त्याच्या निलयाची भिंत स्पंजासारखी सच्छिद्र असते आणि तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. आत सोडलेला द्रव थेट स्नायुपेशींपर्यंत पोचतो. त्यामुळे द्रवातील एखादा घटक बदलला की त्याचा परिणाम थोड्याच वेळात दिसू लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील अनेक प्रयोगशाळांत या हृदयावर काम चालू होते. लाइपझिग येथे कार्ल लुडविग यांच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या राखेतील क्षारही हृदयाला चालते ठेवू शकतात असे आढळले होते. कोणता क्षार नेमके काय करतो हे मात्र कोणी उलगडून दाखवले नव्हते.

रिंगर यांची पद्धत साधी होती. निलयात एक बारीक नळी बांधून तिच्यातून द्रव खेळवायचा आणि निलयाच्या प्रत्येक आकुंचनाची रेघ काजळी धरवलेल्या फिरत्या दंडगोलावर उमटवून घ्यायची. रक्ताऐवजी त्यांनी ०.७५ टक्के मिठाचे पाणी वापरून पाहिले आणि त्यात एकेक घटक मिसळत परिणाम नोंदवले. १८८२ मध्ये जर्नल ऑफ फिजिऑलॉजी या नियतकालिकात त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. केवळ मिठाच्या पाण्यावरही हृदय बराच वेळ चालते, मात्र प्रत्येक आकुंचन लांबते व निलय पुरेसा सैल होत नाही, आणि अगदी थोडे पोटॅशियम क्लोराइड घातले की ठोके पूर्ववत होतात, असे त्यांत म्हटले होते.

हा निष्कर्ष अर्धवट होता. लेख छापून झाल्यावर रिंगर यांच्या ध्यानात आले की, आपण वापरलेले मिठाचे पाणी ऊर्ध्वपातित पाण्यात केलेले नव्हते. ते न्यू रिव्हर वॉटर कंपनीच्या नळाच्या पाण्यात केलेले होते. ही कंपनी १६१३ मध्ये खुल्या झालेल्या एका कालव्यातून हर्टफर्डशायरच्या झऱ्यांचे पाणी लंडनला पुरवत असे. त्या प्रदेशातील खडक खडूचा, म्हणजेच चुन्याचा असल्यामुळे पाण्यात कॅल्शियम भरपूर होते. रिंगर यांनी पाण्याचे पृथक्करण छापले त्यात कॅल्शियमचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ३८ भाग असे दिले आहे. साबणाला फेस येऊ न देणाऱ्या या जड पाण्यामुळेच बेडकाचे हृदय चालत राहिले होते.

नळाचे पाणी द्रावणात आले कसे, याविषयी एक कथा सांगितली जाते. पुढे नोबेल पारितोषिक मिळालेले सर हेन्री डेल हे तरुणपणी युनिव्हर्सिटी कॉलेजात काम करीत असताना तेथे फील्डर नावाचा जुना मदतनीस होता. पाणी ऊर्ध्वपातित करण्यात इतका वेळ घालवण्यात अर्थ नव्हता आणि नळाचे पाणी वापरले तर डॉ. रिंगर यांना फरक कळणार नाही असे आपल्याला वाटले होते, असे त्याने डेल यांना सांगितले. डेल यांनी पुढे ही हकिकत लिहून ठेवली. रिंगर यांच्या स्वतःच्या लेखात मदतनिसाचा उल्लेख नाही. नळाचे पाणी वापरले गेल्याचे लक्षात आले, एवढेच तेथे नोंदवलेले आहे आणि दोष कोणावरही टाकलेला नाही.

चूक कळताच त्यांनी सर्व प्रयोग ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हा केले. या वेळी चित्र अगदी वेगळे होते. मिठाच्या शुद्ध द्रावणात निलयाची आकुंचने दुबळी होत गेली आणि सुमारे २० मिनिटांत थांबली. त्यात चुन्याचा क्षार, म्हणजे कॅल्शियम क्लोराइड, अल्प प्रमाणात मिसळताच आकुंचने परतली. परंतु फक्त मीठ व कॅल्शियम असले की आकुंचन लांबत जाई, दोन ठोक्यांमधील शिथिलन अपुरे राही आणि निलय हळूहळू घट्ट होई. पोटॅशियम घातल्यावर हा दोष नाहीसा होऊन हृदय नैसर्गिक रीतीने चालू लागे. पहिल्या लेखात पोटॅशियमने जो दोष दूर केल्यासारखे दिसले होते, तो दोष मुळात नळाच्या पाण्यातील कॅल्शियमचा परिणाम होता. दुरुस्त निष्कर्ष १८८३ मध्ये त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि लेखाच्या आरंभीच पहिल्या लेखातील चूक सांगितलेली आहे. पहिला लेख तसाच राहू दिला असता तर हृदयाच्या शरीरक्रियाशास्त्रातील हा मूलभूत शोध कदाचित दुसऱ्या कोणाच्या नावावर गेला असता.

परस्परविरोधी क्षार

त्यानंतर सुमारे बारा वर्षे रिंगर यांनी या तीन क्षारांचा पिच्छा पुरवला. १८८४ च्या सुमारास त्यांनी चुन्याचे व पोटॅशियमचे क्षार विषारी मात्रेत एकमेकांना कसे मारक ठरतात हे दाखवले. पोटॅशियम जास्त झाल्यास हृदय प्रसरण पावलेल्या, सैल अवस्थेत थांबते. कॅल्शियम जास्त झाल्यास ते आकुंचित, घट्ट अवस्थेत थांबते. एकाच्या अतिरेकावर दुसऱ्याची योग्य मात्रा उतारा ठरते. क्षार म्हणजे रक्तातील निष्क्रिय मिसळण, ही त्या काळची समजूत यामुळे मोडली. कॅल्शियमची जागा स्ट्रॉन्शियम काही प्रमाणात घेऊ शकते हेही त्यांनी नोंदवले.

हृदयापलीकडील ऊतींकडेही त्यांनी हीच दृष्टी वळवली. ऊर्ध्वपातित पाण्यात मासे लवकर मरतात आणि त्यात चुन्याचे क्षार घातले की अधिक काळ जगतात. बेडकाच्या अंड्यांची व भैरींची वाढ पाण्यातील क्षारांवर अवलंबून असते. रक्त गोठण्यात आणि दुधाचे दही-पनीर होण्यासारख्या साकळण्यात चुन्याचा वाटा असतो, अशी त्यांची निरीक्षणे आहेत. हॅरिंग्टन सेन्सबरी यांच्यासह १८९४ मध्ये त्यांनी ट्युबिफेक्स या गाळातील बारीक कृमींवर प्रयोग केले. कॅल्शियम नसलेल्या पाण्यात कृमींची शरीरे विस्कळीत होऊन जात आणि कॅल्शियम असले की ती एकसंध राहत. पेशींना पेशींशी जोडून ठेवण्याचे काम कॅल्शियम करते, याचा हा एक आरंभीचा पुरावा होता. हृदयाला होणारी इजा समजून घेताना या निरीक्षणाचे महत्त्व सत्तर वर्षांनी कळून आले.

कॅल्शियम नेमके काय करते, हे सांगण्याची साधने रिंगर यांच्याजवळ नव्हती. पेशीपटलातील कॅल्शियमच्या वाटा, आकुंचन घडवणारी प्रथिने किंवा पेशींच्या आतील कॅल्शियमचे साठे यांची कल्पनाही तेव्हा नव्हती. बेडकाच्या हृदयपेशीत असे साठे अल्प असल्यामुळे तिला प्रत्येक ठोक्याचे बरेचसे कॅल्शियम बाहेरून घ्यावे लागते. रिंगर यांचे निष्कर्ष इतके स्पष्ट आले याचे हे एक कारण मानता येईल. सस्तन प्राण्याच्या हृदयपेशीत आतील साठा मोठा असतो, परंतु तो उघडण्याची खूण बाहेरून येणारे थोडेसे कॅल्शियमच देते.

कौटुंबिक जीवन आणि अखेर

१८६७ मध्ये रिंगर यांचा विवाह यॉर्कशायरमधील अ‍ॅन टेट यांच्याशी झाला. त्यांना दोन मुली झाल्या. त्यांपैकी अ‍ॅनी ही सातव्या वर्षी मरण पावली. पत्नीच्या माहेरच्या परगण्यातील लास्टिंगहॅम या खेड्याशी कुटुंबाचा संबंध होता. तेथील सेंट मेरी चर्चचे तळघर अकराव्या शतकातील असून वरची इमारत जीर्ण झाली होती. मुलीच्या स्मरणार्थ रिंगर यांनी १८७९ मध्ये स्वखर्चाने या चर्चचा जीर्णोद्धार करवला. त्याचे काम जॉन लफबरो पिअर्सन या नामांकित वास्तुविशारदाने केले आणि चर्चला दगडी कमानींचे छत लाभले. मुलीच्या मृत्यूविषयी रिंगर यांनी लिहिलेले काही प्रसिद्ध नाही. ही वास्तू तेवढी आहे.

१९०० मध्ये निवृत्त होऊन ते लास्टिंगहॅम येथेच राहायला गेले. १४ ऑक्टोबर १९१० रोजी मेंदूतील रक्तस्रावाने, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि त्याच चर्चच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले. त्यांना सर हा किताब मिळाला नाही. त्यांचे नाव टिकले ते द्रावणामुळे.

रिंगर द्रावण

आज शिरेवाटे देण्याच्या रिंगर द्रावणात एका लिटरमागे ८.६ ग्रॅम सोडियम क्लोराइड, ०.३ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि ०.३३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड असते. बेडकासाठीच्या मूळ द्रावणापेक्षा हे मिठाच्या दृष्टीने अधिक तीव्र आहे. फ्रँक लॉक यांनी त्यात ग्लुकोजची भर घालून आणि ऑक्सिजन खेळवून ते सस्तन प्राण्यांच्या हृदयाला उपयुक्त केले. १९३२ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्सिस हार्टमन यांनी जुलाबामुळे शुष्क झालेल्या व रक्तातील आम्ल वाढलेल्या मुलांसाठी त्यात सोडियम लॅक्टेट मिसळले. हेच रिंगर लॅक्टेट. महाराष्ट्रातील रुग्णालयांत परिचारिका व नातेवाईक ज्या बाटलीला आरएल म्हणतात ती हीच. अतिसार, भाजणे, डेंग्यू आणि शस्त्रक्रिया अशा प्रसंगी ती नित्य वापरली जाते. बाटलीतील रक्त गोठू नये म्हणून मिसळलेले सायट्रेट कॅल्शियमला बांधून ठेवते. आरएलमधील कॅल्शियमने तो बंदोबस्त मोडू नये, यासाठी एकाच नळीतून रक्त व आरएल देऊ नये असा पारंपरिक नियम आहे.

हृदयपेशींची इजा आणि संरक्षण

रिंगर यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी जॉर्ज राल्फ माइन्स यांनी दाखवले की, कॅल्शियमविरहित द्रावणात बेडकाचे हृदय आकुंचन थांबवते, पण त्याचे विद्युत्‌ स्पंदन चालूच राहते. म्हणजे विद्युत्‌ संदेश आणि यांत्रिक आकुंचन यांना जोडणारा दुवा कॅल्शियम हाच होता. १९६० च्या दशकात सेत्सुरो एबाशी यांनी स्नायूतील ट्रोपोनिन या प्रथिनाला कॅल्शियम जोडले जाते व त्यातून आकुंचन सुरू होते हे उलगडले. तोवर कॅल्शियम म्हणजे हृदयाला चालवणारा घटक, एवढीच प्रतिमा होती. त्याच दशकात तिची दुसरी बाजू पुढे आली.

१९६६ मध्ये झिमरमन व हुल्समन यांनी उंदराच्या शरीराबाहेरील हृदयात काही मिनिटे कॅल्शियमविरहित द्रव खेळवला आणि मग कॅल्शियम पुन्हा सुरू केले. रिंगर यांच्या बेडकाप्रमाणे ठोके परत येतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात हृदय आखडले, पेशींतील विकरे व रंगद्रव्य बाहेर झिरपले आणि इजा कायमची ठरली. या घटनेला कॅल्शियम विरोधाभास असे म्हणतात. कॅल्शियम नसताना पेशींमधील सांधे सैल होतात, पेशीपटलाचे बाह्य आवरण विलग होते आणि पेशीत सोडियम साचते. कॅल्शियम परतताच सोडियम-कॅल्शियम विनिमयाच्या वाटेने ते आत लोटते. पेशी कमालीच्या आवळल्या जातात आणि त्यांचे सैल झालेले सांधे फाटतात. ट्युबिफेक्स कृमींचे विस्कळीत होणे येथे आठवते. कॅल्शियम नसण्याच्या काळात हृदय थंड ठेवले, किंवा द्रवात कॅल्शियमचा अगदी लेश शिल्लक ठेवला, तर ही इजा टळते.

हृदयविकाराच्या झटक्यात घडते त्याचे या घटनेशी बरेच साम्य आहे. रक्तपुरवठा तुटला की हृदयपेशीतील ऊर्जेचा साठा संपत जातो आणि आम्ल साचते. ते बाहेर टाकण्याच्या खटाटोपात सोडियम आत येते. एरवी कॅल्शियम बाहेर काढणारा सोडियम-कॅल्शियम विनिमय मग उलटा चालून कॅल्शियम आत आणू लागतो. अडथळा दूर होऊन रक्त परतल्यावर हा लोंढा वाढतो. तंतुकणिका हे कॅल्शियम ओढून घेतात, त्यांच्या पटलातील छिद्रे उघडतात आणि ऊर्जानिर्मिती कोलमडते. यामुळेच रक्तपुरवठा परत आणणे हा एकमेव खरा उपचार असूनही त्या क्षणी काही पेशींना नवी इजा होते.

फ्रायबुर्ग येथील आल्ब्रेख्ट फ्लेकेनस्टाइन यांनी १९६० च्या दशकात वेरापामिल आणि त्यासारखी औषधे हृदयावर कॅल्शियम काढून घेतल्यासारखा परिणाम करतात हे ओळखले. त्यांतून कॅल्शियमरोधक औषधांचा वर्ग निर्माण झाला. आयसोप्रेनालिनच्या मोठ्या मात्रेने उंदरांच्या हृदयपेशींत कॅल्शियमचा अतिभार होऊन त्या मरतात आणि वेरापामिल आधी दिल्यास त्या वाचतात, हेही त्यांनी दाखवले. रक्तदाब व छातीतील कळ यांवर ही औषधे उपयोगी ठरली. झटका आल्यानंतर दिलेल्या औषधाने हृदय वाचवण्याची आशा मात्र त्या प्रमाणात फळाला आली नाही. इजा सुरू होण्यापूर्वी औषध पेशीपर्यंत पोचावे लागते, आणि झटका सांगून येत नाही.

इजेची वेळ आधीच माहीत असते अशी जागा म्हणजे शस्त्रक्रियागृह. उघड्या हृदयावरील शस्त्रक्रियेसाठी हृदय मुद्दाम थांबवावे लागते. १९५५ मध्ये लंडनमध्ये डेनिस मेलरोज यांनी त्यासाठी पोटॅशियम सायट्रेट वापरले. पोटॅशियमच्या अतिरेकाने हृदय सैल अवस्थेत थांबते, या रिंगर यांच्या निरीक्षणाचाच तो वापर होता. परंतु मात्रा तीव्र होती आणि सायट्रेट कॅल्शियमला बांधून टाकत असे. हृदयस्नायूत मृत ठिपके आढळू लागल्याने ही पद्धत मागे पडली. १९७० च्या दशकात डेव्हिड हर्स व मार्क ब्रेमब्रिज यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिला नवे रूप दिले. त्यांच्या द्रावणात पोटॅशियम मर्यादित आहे, कॅल्शियमला आवर घालणारे मॅग्नेशियम जोडीला आहे आणि कॅल्शियम थोडे का होईना ठेवलेले आहे. जर्मनीत ब्रेटश्नायडर यांनी वेगळी वाट धरून कॅल्शियम जवळजवळ काढून टाकले, पण त्याबरोबर सोडियमही खूप कमी केले. त्यामुळे विरोधाभासाची यंत्रणा सुरूच होत नाही. दोन्ही पद्धतींत द्रावण थंड करून देतात.

सेंट थॉमस द्रावणाचा एक प्रकार २० मिलिलिटरच्या कुपीत तीव्र स्वरूपात मिळतो. शस्त्रक्रियेच्या वेळी ती कुपी एक लिटर रिंगर द्रावणात मिसळून ते थंड मिश्रण हृदयाच्या धमन्यांत सोडतात. हृदय सैल अवस्थेत थांबते, आणि काम संपल्यावर रक्ताने ते मिश्रण धुवून निघाले की पुन्हा चालू लागते.